दौलतरावांकडची मयत

रिक्षा मोरिवलीत थांबली तरी शंकररावांचं बोट गुडघ्यावर ठोके देतच होतं. एक लांब, दोन आखूड. एक लांब, दोन आखूड. डॅक्टिल. खिशातल्या कागदावर दौलतरावांचा मृत्युलेख होता, तोही लॅटिन कवी शोकासाठी वापरत त्या जोडओळींत: पहिली सहा डॅक्टिलांची हेक्झामीटर, दुसरी पाचांची पेंटामीटर, जरा लंगडत येणारी.

हे वेड दोघांचं. उल्हासनगरच्या सिंधी रद्दीवाल्याकडे लॅटिन छंदांचं पुस्तक किलोच्या भावाने मिळालं आणि कारखान्यातले हे दोन कारकून दर रविवारी दौलतरावांच्या खोलीत मराठीला रोमन चपला घालू लागले. चपला चावत होत्या, पण दोघेही कबूल करत नव्हते. मग एक्क्याऐंशी साली अंबरनाथच्या एका कविसंमेलनात शंकररावांनी दौलतरावांना भर ओळीत थांबवलं. एक लघू कमी पडला होता. तेव्हापासून बोलणं बंद. आता त्र्याण्णव उजाडलं होतं.

दोन दिवसांपूर्वी बुद्धविहाराच्या फळ्यावर त्यांनी खडूने लिहिलेलं वाचलं होतं: दौलतरावांकडे मयत, रविवारी जलदानविधी. दौलतरावांना हार्टचा झटका येऊन गेल्याचं कानावर होतंच. शंकररावांनी कागद पुढे ओढला. या खेपेला एकही लघू कमी-जास्त नव्हता. माफी मागायची त्यांना एवढीच रीत येत होती.

दारात चपला काढून त्यांनी मान वर केली, तर पाण्याचा पेला पुढे आला. पेला धरणारा हात दौलतरावांचा होता. हाताला जोडून दौलतरावही होते.

शंकरराव मटकन पायरीवर बसले.

"उशीर केलास," दौलतराव म्हणाले. "पाणी पी. भूत बघितल्यासारखं काय करतोस?"

आत, हाराखाली दौलतरावांच्या बायकोचा फोटो होता, खाली 'चांगुणा' लिहिलेला. मुळात जोडीचा, दौलतरावांनी त्यातून स्वतःला कापून काढलं होतं, तरी एक कोपर राहिलंच होतं. बाई गेली तरी मयत नवऱ्याच्या नावाने कळवतात, हे शंकररावांना माहीत नव्हतं असं नाही. फक्त त्या घरात आणखी कुणी जाण्यासारखं आहे, हे डोक्यात आलं नव्हतं.

दौलतरावांनी त्यांच्या खिशातून डोकावणारा कागद काढला आणि स्वतःचा मृत्युलेख शांतपणे वाचून परत दिला.

"गण बरोबर पडलेत. आता माझं नाव काढ, तिचं घाल."

शंकररावांचं बोट आपोआप हललं. चांगुणा. लांब, आखूड, लांब. दोन लांबांच्या मध्ये एकटा आखूड अडकलेला. डॅक्टिलला आखूड जोडीने लागतात.

"बसत नाही रे," ते हळूच म्हणाले. "हेक्झामीटरमध्ये हे नाव कुठेच बसत नाही."

"मला सांगतोस? संमेलनात तेच तर बसवत होतो. ती पुढच्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून. माझ्या तोंडून नाव ऐकायला."

शंकररावांना ती ओळ अजून ठोक्यांसकट पाठ होती. तिच्यात कुणाचं नाव होतं, हे मात्र त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. ते कायम 'वहिनी' म्हणत.

वंदना झाली. आदरांजलीसाठी त्यांचं नाव पुकारलं. शंकरराव उठले, कागद घडी करून खिशात ठेवला आणि उजवं बोट डाव्या मुठीत घट्ट धरलं.

"चांगुणा," ते म्हणाले. मग दौलतरावांकडे वळले. "पुढचं दौलतला येतं."

आणि खाली बसले.