आतला पत्ता

फरहतने कारखान्याच्या वेबसाइटच्या नावापुढे आतल्या मशिनचा पत्ता टाइप केला, आकडे बोट ठेवून तपासले आणि एंटर दाबलं. कारखान्यातलं सगळं इंटरनेट ज्यातून जाई तो प्रॉक्सी सर्व्हर पुन्हा सुरू केला. मग ती मारुतरावांच्या केबिनच्या दारात गेली आणि आता उघडून बघा म्हणाली.

पान झटक्यात उघडलं. जनरल मॅनेजर मारुतराव खूश झाले. शिरूरच्या या पंपाच्या कारखान्यातली इंटरनेटची लाइन इतकी मरतुकडी होती, की स्वतःचंच पान पुण्याच्या सर्व्हरवरून येईपर्यंत समोरचा चहा निवून जाई. म्हणून त्यांनी पानाची एक नक्कल कारखान्यातच ठेवायला सांगितली होती. आता आतून कुणी ते नाव विचारलं की प्रॉक्सी आतल्या मशिनकडे बोट दाखवणार. बाहेरच्या जगाला मात्र पूर्वीसारखा पुण्याचाच पत्ता मिळणार. नाव एकच, उत्तरं दोन. दोन हजार तीन साली त्या कारखान्यात हे फक्त फरहतला जमत होतं.

पानावर मधोमध मारुतरावांचा टाय घातलेला फोटो होता आणि खाली ओळ होती : 'गाळाने न अडकणाऱ्या फूटव्हॉल्व्हचे जनक.'

तो व्हॉल्व्ह याच कारखान्यात कामाला असलेल्या फरहतच्या वडिलांनी बनवला होता. विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी बसणारी ती झडप मेहमूद मिस्त्रींनी ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कापली आणि दौंडच्या घराच्या ओट्यावर, गाळाच्या बादलीत बुडवून बुडवून, सहा महिने पारखली. मग ड्रॉइंग काढून घ्यायला ते नव्या इंजिनिअरकडे गेले. तो इंजिनिअर म्हणजे मारुतराव. ड्रॉइंगवर सही त्यांची, मग बढतीही त्यांनाच. मिस्त्रींना निवृत्तीच्या दिवशी स्टीलचा डबा मिळाला. ते त्यात खिळे ठेवत आणि या विषयावर एक अवाक्षर काढत नसत. त्यांच्या वाटचा राग फरहतने धरला होता, शाळेत असल्यापासून. दौंडहून रोज दीड तास एसटीचे धक्के खात ती याच कारखान्यात नोकरीला आली, ती काही उगाच नाही.

त्याच दुपारी तिने पुण्याच्या सर्व्हरवरचं पान बदललं. मारुतरावांना काढलं आणि अब्बांचा फोटो टाकला : खाकी टोपी, डाव्या भुवईवर लोखंडाचा कपचा उडाल्याचा व्रण. खाली पूर्ण नाव आणि साल लिहिलं. आतल्या नकलेला तिने हात लावला नाही.

मारुतरावांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. रोज सकाळी ते केबिनमध्ये स्वतःचा फोटो डोळे भरून बघत, आणि काचेपलीकडे फरहत त्यांना बघत चहा पीत असे. तिला तो चहा फार गोड लागायचा. सांगलीपासून जालन्यापर्यंतच्या डीलरांना खरा माणूस दिसत होता, एकट्या चोराला सोडून. असा सूड रोज थोडा थोडा चाखता येतो, संपत नाही.

घरी तिने अब्बांना सांगितलं की तुमचं नाव आता सगळ्या जगाला दिसतंय. मिस्त्री नुसतं हं म्हणाले. पण दोन दिवसांत दौंड स्टेशनसमोरच्या चहावाल्यालाही ते ठाऊक झालं होतं.

महिन्याभराने कारखान्याचा वर्धापनदिन आला. निवृत्त कामगारांना जेवायला बोलावणं होतं. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि जेवण झाल्यावर थेट मारुतरावांच्या केबिनमध्ये शिरले. फरहत विड्यांचं ताट घेऊन तिथंच उभी होती.

"सायब, त्ये कॉम्प्युटरमधलं पान दावता का जरा? व्हॉल्व्हचं लिवलंय म्हनं त्यात."

फरहतच्या हातातलं ताट कललं. अब्बा ते पान आतूनच बघतील, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मारुतरावांनी हौसेने मॉनिटर फिरवला. मिस्त्रींनी चष्मा लावला, वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"फोटू चांगला आलाय, सायब," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. बाहेर पडताना फरहतपाशी थांबले आणि खाली बघत हळूच म्हणाले, "बेटा, माजं मन राखायला खोटं कशाला बोललीस? मला सवय झाली व्हती."

घरी जाऊन समजावता आलं असतं. दौंडच्या सायबर कॅफेत नेऊन दाखवता आलं असतं. नोकरी राहिली असती आणि रोजचा तो चहाही. फरहतने ताट टेबलावर ठेवलं.

"अब्बा, दोन मिनिटं बसा. साहेब, तुम्ही पण."

ती सर्व्हरच्या खोलीत गेली. आतल्या पत्त्याची ओळ शोधून पुसली, प्रॉक्सीने साठवलेली जुनी पानं काढून टाकली आणि तो पुन्हा सुरू केला. परत येऊन तिने मारुतरावांचा ब्राउझर बंद करून उघडला आणि कारखान्याचं नाव टाइप केलं.

"आत्ता तर उघडलं होतं की," मारुतराव म्हणाले.

"ते आतलं होतं, साहेब. आता बाहेरचं येतंय."

स्क्रीन बराच वेळ पांढरा राहिला. मग वरून एक पट्टी उमटली, तिच्याखाली दुसरी. खाकी टोपी दिसली. मारुतरावांनी मान पुढे काढली, त्यांनी जन्मात टोपी घातली नव्हती. मग कपाळ आलं आणि कपाळाखाली डावी भुवई. मिस्त्रींचा हात आपसूक स्वतःच्या भुवईकडे गेला.

डोळे अजून यायचे होते. फरहत स्क्रीनकडे बघतच नव्हती. लाइन मरतुकडी होती आणि तिला आज कसलीच घाई नव्हती. ती मारुतरावांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली.