नाकाशेजारची फट

"लाल!"

पोरीनं म्हटलं मात्र, माचीवाडीच्या देवळात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पायरीवर झोपलेलं कुत्रं शेपूट घालून पळालं.

शिमग्याचे दिवस. पालखी घरोघर फिरून देवळात परत आली होती. मुंबईकर अजून गेले नव्हते, त्यामुळे सभामंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध पाटावर ऋतिका बसली होती, पाचवीतली, हडकुळी पोर. डोळ्यांवर कापूस, कापसावर जाड काळी पट्टी, मागं पक्की गाठ. हातात दिलेला जाड कागदाचा पत्ता ती नाकाशी न्यायची, हुंगायची, मान जराशी वर करायची आणि सांगायची. हिरवा. सात. पोपट. शेवटच्या पत्त्यावर तर चक्क शब्द होता. "कमळ," ऋतिका म्हणाली, आणि बायकांनी तोंडाला पदर लावले.

"पाहिलंत?" दिव्यानंद सर गरजले. अंगात सफारी, गळ्यात स्फटिकाची माळ, गालाशी चिकटलेला माईक. "मंडळी, ही अंधश्रद्धा नाही, हं! हे प्युअर सायन्स आहे! मेंदूच्या मधोमध एक ग्रंथी झोपलेली असते. आमच्या मंत्रलहरींनी ती खडबडून जागी होते. मग मूल डोळ्यांनी नाही, लहरींनी वाचतं. जपानमध्ये हेच चाललंय. अभ्यासाची कटकटच नाही! पुस्तक उशाखाली ठेवा, सकाळी पाठ!"

जपान कुणी बघितलाय? सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या कुशाबाच्या डोळ्यांना तर धार लागली होती. ऋतिका त्याची नात. आईबाप मुंबईला, तिकडच्या दीड खोलीत माणसं मावत नाहीत म्हणून पोर आजोबाकडे वाढलेली. कुशाबा स्वतः दुसरी पास. सही येते, एसटीची पाटी अक्षर अक्षर लावून वाचतो, त्यापुढे अंधार. जूनमध्ये ऋतिका सहावीला खाली कापडे गावच्या शाळेत जाणार. तिनं शिकावं, उद्या मुंबईत कुणाच्या घरची भांडी घासायची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढं एकच मागणं तो देवापाशी मागत आला होता. आज देवानं ऐकलं, असं त्याला वाटलं.

आता हे सर माचीवाडीत कसे उगवले, तेही ऐका.

वाडीची शाळा पहिली ते पाचवी. खोल्या दोन, शिक्षक एक. काशीराम गुरुजी होते तोवर सरकारी चाचणीत आजूबाजूच्या सगळ्या शाळांत माचीवाडी पहिली यायची. गुरुजी निवृत्त झाले तेव्हा वाडीनं शाल-नारळ देऊन ढोल वाजवत त्यांना पोचवलं. त्यांच्या जागी यंदा दिवाळीनंतर महाडहून अनुपमा बाई आल्या. आणि पहिल्याच चाचणीत शाळा तालुक्यात शेवटून पहिली! वरून साहेबांचा फोन, खाली कापड्याच्या हॉटेलात टिंगल. वाडीचं नाक कापलं गेलं.

गावकी बसली. म्हाताऱ्यांनी ग्रामदेव भैरीला कौल लावला. शाळेच्या पटांगणातल्या राखणदाराची राखण, म्हणजे वर्षाचा मान, चुकली, असं निघालं. लगेच कोंबडा दिला, रस्सा ओरपला, पोरांचे गुण जिथल्या तिथं. मग मुंबईला राहणाऱ्या वाडीकरांचं मंडळ पुढं सरसावलं. या वाडीचा शेवटचा शब्द मुंबईत ठरतो, ही जुनी रीत. मंडळाचा सेक्रेटरी दीपक, म्हणजे कुशाबाचाच मुलगा, ऋतिकाचा बाप. "बाबा, कोंबडं-बिंबडं सोडा आता. जमाना किधर गया, आणि आपण किधर?" असं म्हणून त्यानं हे सर आणले. कोंबडा निदान शिजवून खाता तरी आला होता!

सरांनी आठवडाभर दार लावून पोरांचं शिबिर घेतलं. आणि आज प्रयोगानंतर अर्जावर सह्या व्हायच्या होत्या. बाईंची बदली करा, शाळेत सरांचा वर्ग चालू द्या. कुशाबा शाळा समितीचा अध्यक्ष, म्हणून पहिली सही त्याची. दीपकनं अर्ज पुढं केला, पेनचं टोपण काढून दिलं.

"थांबा," मागून आवाज आला. "सही करा, पण आधी मला पण पट्टी बांधा."

अनुपमा बाई खांबाशी उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"मॅडम, तुमचं वय झालं," सर गोड हसले. "ग्रंथी फक्त लहानपणी उघडते."

"मग नाही उघडली तर तुमचंच खरं ठरेल की! बांधा."

देवळात खसखस पिकली. सरांना नाही म्हणता येईना. त्यांनी चांगली आवळून पट्टी बांधली. बाईंनी पत्ता हुंगला, मान जराशी वर केली. "पिवळा. नऊ. मोर." मग पट्टी तशीच ठेवून सरांचं छापील पत्रक उचललं आणि धडाधड वाचत सुटल्या, "बुद्धी वाढवा, स्मरणशक्ती वाढवा, यशाची हमी…"

"अगं बया!" रंगूबाई ओरडली. ही शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी. "बाईंची बी गिरंथी जागी झाली!"

"कुणाची ग्रंथी नाही नि काही नाही," पट्टी काढत बाई म्हणाल्या. "कुशाबाबा, तुम्ही या. तुम्ही नातीचे आजोबा. तुम्हीच बघा."

कुशाबा बिचकत पाटावर बसला. पट्टी आवळली गेली आणि सगळा काळोख झाला. भैरीचं नाव घेऊन त्यानं डोळे खाली वळवले. नाकाच्या दोन्ही अंगाला, जिथं नाक उंच आणि गाल खोल, तिथं पट्टी टेकतच नव्हती. त्या फटीतून त्याला स्वतःचे पाय दिसत होते, पायाच्या अंगठ्याचं फुटलेलं नख दिसत होतं. हातातला पत्ता नाकाशी नेला तसा तो लख्ख समोर आला. मान किंचित वर केली की आणखी खालचं दिसायचं.

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"निळा," कुशाबा पुटपुटला.

"रंगूबाई, ते कोपऱ्यातलं सूप द्या इकडं." बाईंनी सुपाची कड त्याच्या नाकाखाली आडवी लावली आणि पत्ता सुपाच्या खाली धरला. "आता वाचा लहरींनी."

"आता नुसतं सूपच दिसतंय, बाई."

लोक हसले. कुशाबाला मात्र हसू येईना. आपल्याला एका क्षणात जे दिसलं ते ऋतिकाला आठवडाभर दिसत असणार. म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं.

"संशय!" सर ओरडले. "संशयाच्या निगेटिव्ह लहरी आल्या की ग्रंथी मिटते! मी इथं एक मिनिट थांबणार नाही. खेडला माझा कार्यक्रम आहे!" स्फटिकाची माळ सावरत ते जे निघाले ते थेट गाडीत जाऊन बसले. माईक गालालाच राहिला होता, त्यामुळे ड्रायव्हरला दिलेली शिवी अख्ख्या देवळानं ऐकली.

दीपकचं तोंड उतरलं होतं. तो बाईंवरच घसरला. "ठीक हाय, पट्टीत फट व्हती. पण पोरीनं वाचलं ना? फटीतून का व्हईना, वाचलं! गुरुजींच्या टायमाला माझ्या पोरीला पैकीच्या पैकी मार्क असायचे. तुम्ही आल्या आनि सगळं खाली गेलं. ये गो ऋतिका, वाच, दाखव सगळ्यांना!" त्यानं ते पत्रक तिच्या हातात कोंबलं.

बाई पटकन म्हणाल्या, "दीपकभाऊ, नको. सगळ्यांसमोर नको तिला."

पण ऋतिका उभी राहिली होती. डोळे टक्क उघडे, आणि दारातून ऊन थेट कागदावर. ती बघत राहिली. "ब…" म्हणाली. बोट पुढच्या अक्षरावर नेलं. मग "ध…" म्हणाली आणि थांबली.

"वाच ना गो," कुशाबा हळूच म्हणाला. "घाबरू नको. कमळ वाचलंस ना मघाशी?"

"ते पत्त्यावर फूल व्हतं कोपऱ्यात," ऋतिका म्हणाली.

"आनि तुजे मार्क? ते एवढे कुठनं आले?" कुशाबानं विचारलं.

"गुरुजी फळ्यावर लिवायचे, आमी उतरवायचो. समद्यांनी तसंच केलं. मला उतरवता येतंय, आजोबा. चांगलं येतंय. वाचता नाय येत."

कुशाबाला धरणी ठाव देईना. पोरीचं अक्षर मोत्यासारखं. संध्याकाळी ती ओसरीवर वही घेऊन बसली की तो कौतुकानं बघत राहायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवून दाखवायचा. पाच वर्षं पोर चित्र काढावं तशी अक्षरं काढत होती आणि त्याला वाटत होतं, नात शिकतेय. अरेरे! एकदा तरी विचारायचं होतं, बाळा, यात लिहिलंय काय?

"बाई, तुमाला हे ठावं व्हतं?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं," बाई म्हणाल्या. "म्हणून मी फळा कोरा ठेवला. ज्याला जेवढं येतं तेवढंच लिहू दिलं. शाळा शेवटी आली ती त्यामुळे. गुरुजी वाईट नव्हते, कुशाबाबा. पाच वर्गांना एक माणूस, त्यातच कधी सर्वेक्षण, कधी निवडणूक, आणि वरून निकाल चांगलाच हवा. ते घाबरले. पण भोगतायत ही पोरं."

"मग ही कवा वाचंल?"

बाईंनी खोटी आशा दाखवली नाही. "मी रोज शाळा सुटल्यावर बसवीन. जूनपर्यंत अक्षरं नीट लागतील. पण पाचवीचं सगळं भरून निघणार नाही. गेलेली वर्षं मला परत आणता येणार नाहीत."

कुशाबानं अर्ज उचलला, उभा फाडला आणि गावकीकडे वळला. "शाळा पहिली आली, आपण ढोल वाजवले. शेवटी आली, कोंबडं कापलं. पोराला वाचता येतंय का, हे कुनी बगितलं? मी बी नाय बगितलं. आज घरला जावा आनि पोराफुडं पुस्तक धरा. खरं काय ते कळंल. मंग दुसरा मास्तर मागायला पोलादपूरच्या हापिसात माज्यासंगट कोन येतंय, ते सांगा. मंत्र नको, मास्तर पायजे!"

दोघं-तिघं उठून त्याच्याजवळ आले. बाकीचे खाली मान घालून चपला शोधत होते.

तेवढ्यात ऋतिका रडायला लागली. साधं रडणं नव्हे, ऊर फुटेल असा हंबरडा. दीपकनं तिला उचलून घेतलं. "मी मारनार नाय गो, नाय मारनार!"

"आईचे डोळे जातील आता! सर बोलले, फटीतनं दिसतं ते कुनाला सांगितलंस तर तुज्या आईचे डोळे जातील…"

सगळ्यांसमोर दीपकही रडू लागला. त्यानं खिशातून फोन काढला, रेंज येते त्या देवळाच्या ओट्यावर तिला नेलं आणि मुंबईला बायकोला, समीक्षाला, व्हिडीओ कॉल लावला.

"काय झालं गो बाय माजे?" फोनमध्ये आई घाबरली.

"आई, तुला दिसतंय?"

"दिसतंय की! रडतेस कशाला?"

ऋतिकाचा विश्वास बसेना. तिनं नाक पुसलं आणि हात फोनसमोर धरला. "किती बोटं?"

"तीन."

तिनं हात खाली घेतला, पाठीमागं नेला आणि पुन्हा समोर धरला. "आता?"

"एक. अगं, चाललंय काय तुमचं तिकडं?"

ऋतिकाचा हुंदका थांबला. आजोबाकडे वळून ती म्हणाली, "सर खोटं बोलले. आईला दिसतंय."

कुशाबानं तिला छातीशी धरलं. "असंच करायचं, बाय," तो म्हणाला. "कुनी बी काय बी सांगू दे. मी सांगितलं तरी. आपन आपलं इचारून बगायचं."