अण्णारावांची साक्ष

अण्णारावकाकांना जपान फार आवडलं. का आवडणार नाही? तिथं जो तो कमरेत वाकत होता. सोलापुरात त्यांच्यापुढे फक्त आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं वाकतात, तीही त्यांच्या सेक्रेटरीपदाच्या धाकानं. क्योटोत हॉटेलवाले, दुकानवाले, बसचा ड्रायव्हर, सगळेच वाकायचे. मग काकाही सुरू झाले. लिफ्टमधून बाईचा नुसता आवाज आला तरी वाकायचे.

मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू. दाराशी ओळीनं लावलेले बूट, गरम पाण्याची सार्वजनिक न्हाणीघरं, भर बाजारातही एकमेकांवर न खेकसणारी माणसं. पण मी मौज करायला गेले नव्हते. आशियातल्या चर्चच्या पुढाऱ्यांची परिषद होती आणि 'थँक्यू', 'सॉरी', 'फादर' यापलीकडे काकांना इंग्रजी येत नाही. भवानी पेठेतल्या आमच्या मंडळीत इंग्रजी शाळेत शिकवणारी मीच, म्हणून दुभाषी म्हणून मला नेलं.

"त्या माणसाबरोबर जातीस तरी कशी?" आई म्हणाली. मी म्हटलं, बघू.

माझे पप्पा, अमृत मास्तर, वळसंगला टाळ-मृदंग घेऊन येशूचं कीर्तन करायचे. सगळं गाव ऐकायला यायचं. अण्णारावकाकांना ते खुपलं. टाळ विठोबाचे, आपले नव्हेत, असं म्हणून त्यांनी पप्पांचं चर्चमधलं प्रभुभोजन बंद केलं, मंडळीतून नाव काढलं. पप्पा तरी दर रविवारी चर्चच्या पायरीवर बसून आतली गीतं ऐकायचे. ते गेले तेव्हाही काकांनी चर्चचं दार उघडलं नाही. शवपेटी फाटकाबाहेर ठेवून, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, आम्ही प्रार्थना केली. त्या दिवसापासून हा माणूस मला डोळ्यांसमोर नको होता, आणि डोळ्यांआडही नको होता.

परिषद संपताना मोरीता नावाच्या वयस्कर पास्टरबाईंनी काही पाहुण्यांना घरी चहाला बोलावलं. गवती चटयांची खोली, गुडघे मोडून बसायचं, फेसाळ हिरवा चहा. प्यायच्या आधी वाडगा दोन्ही हातांनी हळूच फिरवायचा. एवढ्या शांतपणे कुणी चहा करताना मी पाहिलं नव्हतं. मग बाई म्हणाल्या, आपापल्या मातीत येशूची सुवार्ता कशी रुजवलीत, त्याची साक्ष द्या. बाईंना इंग्रजी येत होतं. त्या पुढे इतरांना जपानीत सांगणार होत्या.

काकांनी घसा खाकरला. "सांग त्यास्नी. मी टाळ घिऊन गावोगाव कीर्तन केलं. वळसंगच्या लोकास्नी येशू कळला तो माज्यामुळं. आपल्याच लोकांनी लई विरोध केला, पर मी मागं हटलो न्हाय."

माझं डोकं सणकलं. दार बंद केलं, नाव काढलं, आणि आता कीर्तनही लाटलं! मेलेला माणूस भांडायला येत नाही ना.

मी त्यांच्याच गंभीर चालीत इंग्रजी बोलायला लागले. "माझ्या शेजारी बसलेल्या या मुलीला ज्यानं वाढवलं, तो टाळ वाजवून देवाची स्तुती करायचा. मी त्याला मंडळीबाहेर काढलं. तो मेला तेव्हा मी दार उघडलं नाही. आज तिच्यासमोर मी हे कबूल करतो." सॉरी, फादर आणि पप्पांचं नाव, काकांना ओळखू येतील असे तिन्ही शब्द मी टाळले.

बाईंनी जपानीत सांगितलं. मग एकेक करून सगळे काकांपुढे वाकले, अगदी चटईला कपाळ टेकून.

"किती मान देत्यात बघ की!" काका पुटपुटले आणि गहिवरून तेही वाकले. वळले होते माझ्याकडे, कारण मी त्यांच्या आणि बाईंच्या मध्ये होते. त्यांचं टक्कल माझ्या गुडघ्यापाशी आलं. इतकं बरं मला पप्पा गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

मोरीताबाईंचे डोळे भरले होते. त्यांनी मला विचारलं, तू यांना क्षमा केलीस का?

"काय इचारत्यात गं?" काकांनी वाकूनच विचारलं.

मनात म्हटलं, नुसतं मला कळून काय उपयोग? मी खाली झुकून मराठीत सगळं सांगितलं. मी काय बोलले, हे लोक का वाकले, आणि ते स्वतः आत्ता कुणापुढे वाकलेत.

त्यांची मान लालबुंद झाली. "खोटं हाय म्हण त्यास्नी," ते चटईत तोंड खुपसून फुत्कारले. "आत्ताच्या आत्ता!"

"म्हणते की काका. यातलं कुठलं खोटं ते सांगा, शब्दाला शब्द सांगते."

काका तसेच वाकलेले राहिले. समोर सगळे अजून वाकलेले, त्यांच्यासाठी प्रार्थना करत होते.

बाई माझ्या उत्तराची वाट पाहत होत्या.

"नाही केली," मी म्हणाले आणि अजून थोडा चहा मागितला.