निरंक

१. आजारी कर्मचाऱ्याचे अर्जदाराशी नाते:
नवरा.

२. कामाचे स्वरूप:
बाँबच्या गाभ्यासाठी प्लुटोनियमचे अर्धगोल लेथवर कातणे. बंद पेटीत, जाड हातमोज्यांतून. हा धातू आपला आपणच कोमट असतो. कोंबडी नुकतीच उठून गेलेल्या अंड्यासारखा, असं हे सुरुवातीला सांगायचे. मी हसायची.

३. किरणोत्सर्गाच्या मासिक नोंदी (फक्त आकडे लिहावेत):
फक्त आकड्यांत मावणार नाही. छातीवर लावायच्या बिल्ल्यांतल्या फिल्म धुऊन वाचायचं काम कारखान्यात माझंच होतं. फिल्म जितकी काळी, तितका किरणोत्सर्ग जास्त. ह्यांची पहिल्या महिन्याची करडी आली. मर्यादेच्या आतच होती, तरी मला दोन दिवस घास गेला नाही. दुसऱ्या महिन्यापासून फिल्म कोरी. अकरा वर्षं मी ह्यांच्या नावापुढे 'निरंक' लिहिलं. घरी हाकही तीच. या निरंकराव, चहा टाकलाय.

४. आजार:
रक्ताचा कर्करोग. मोठ्या इस्पितळात खाट हवी तर तो कामामुळेच झाला हे दाखवावं लागतं. डॉक्टरांनी रजिस्टर माझ्यापुढे उघडलं. म्हणाले, अक्षर छान आहे हो कुणाचं तरी.

५. लागू नाही.

६. नोंदींबाबत हरकत असल्यास खुलासा:
काल ह्यांना विचारलं. पेटीपाशी जाण्याआधी बिल्ला बाहेरच्या खुंटीवर, डगल्याखाली अडकवून ठेवायचे. रोज. साहेबांनी सांगितलं असेल, मी म्हटलं. ह्यांनी नाही म्हणून मान हलवली.
"तू जेवेनाशी झाली होतीस," ते म्हणाले. "म्हटलं, हिला कोरीच दाखवू."

७. त्याच विभागातील दोन साक्षीदार:
शेजारच्या लेथवरचे दोघे. दोघेही गेले. त्यांना ही युक्ती ह्यांनीच शिकवली होती. त्यांच्या नावांपुढेही अक्षर माझंच.

८. सोबत जोडलेला पुरावा:

हा रकाना मी मोकळा सोडला होता. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. मोकळा रकाना चालत नाही म्हणाला. मग मला ओळखून जरा हसला.
"काही नसलं की काय लिहितात, ते तुम्हाला कुणी सांगायचं, बाई?"

पेन त्याचंच घेतलं. लिहिलं. अक्षर छान आलं.