टॉवेलाखालचा बिल्ला

विश्वजितचा कॅमेरा दिसायला एकदम फालतू होता, आणि तीच त्याची ताकद. जीन्सच्या खिशात जेमतेम मावायचा. पुढे चपटी लेन्स, वर दोन चकत्या. मोठा कॅमेरा काढला की माणसं पोट आत घेतात, केस सारखे करतात. हा काढला की बघणाऱ्याला वाटायचं, पोरगं कुठनं तरी जुनापुराणा डबा घेऊन आलंय, खेळू दे. आवाजही बंद करता यायचा. क्लिक नाही, काही नाही.

दिवसभर महाप्याच्या कंपनीत हेडफोन लावून लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्यायचे, आणि त्याआधी सकाळी तासभर वाशीच्या एपीएमसी मार्केटात फोटो काढायचे. तीन वर्षांचा नेम. शिकवलं कोणी नाही, व्हिडिओ बघून बघून शिकला. सुट्टी मिळाली की फोटो काढणाऱ्यांच्या ग्रुपबरोबर वाई, अलिबाग, एकदा तर स्पिती. पण स्पितीला सगळ्यांचे फोटो सारखेच येतात, हे त्याला तिथंच कळलं. डोंगर तोच, झेंडे तेच, म्हातारीच्या सुरकुत्यासुद्धा त्याच. कांदा-बटाटा मार्केटात मात्र त्याच्यासारखं कोणी घुसू शकत नव्हतं. कारण तिथं त्याचा बाप गोण्या वाहत होता.

बाप म्हणजे सिताराम. पाटणकडचा, शिवा मुकादमाच्या टोळीतला. टोळीत बारा जण, बाराही त्याच खोऱ्यातले. विश्वजित त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला. आला बघा आमचा फोटूवाला, एवढं म्हणायचे आणि परत पाठ वाकवायचे. कोणी पोज दिली नाही, कोणी अडवलं नाही.

त्यानं स्वतःला एक नियम घालून घेतला होता. कष्टकऱ्याचा चेहरा दाखवायचा नाही. कुठल्याशा गोऱ्या फोटोग्राफरच्या व्हिडिओत ऐकलेलं, चेहरा दाखवला की माणूस अडचणीत येतो. म्हणून विश्वजित पाठी काढायचा. भेगाळलेल्या टाचा, गोणीत रुतलेला लोखंडी आकडा, घामानं काळी पडलेली बंडी. इन्स्टावर लोक वाहवा करायचे. त्याला वाटायचं, आपण सभ्य माणूस आहोत.

टोळीत ज्ञानूतात्या म्हणून होते. सितारामचे जिवलग, विश्वजितला खांद्यावर बसवून मार्केट दाखवलेले. मागल्या वर्षी त्यांचा मणका सरकला. आता टोळीतल्या प्रत्येकाकडे नंबरचा पितळी बिल्ला असतो, आणि बिल्ला म्हणजेच माणूस. ज्याचा बिल्ला, त्यानंच वाहायचं. बाप थकला की बिल्ला पोराच्या नावावर होतो, पण त्याला अर्ज, तपासणी, सह्या, दोन-तीन वर्षं सहज जातात. तोवर घरात बसायचं तर खायचं काय? म्हणून तात्यांचा सनी, बावीस वर्षांचा, बापाचा चारशे सतरा नंबर लावून गोण्या वाहायचा. मुकादम हजेरीत ज्ञानूच लिहायचा. बारा घरांना माहीत, तेरावं तोंड उघडायचं नाही. सनी बिल्ला दंडाला बांधायचा आणि वरनं टॉवेल टाकायचा.

एके दिवशी सकाळी पत्र्याच्या फटीतनं उन्हाची एक पट्टी गाळ्यात आली होती. त्यातनं कांद्याची धूळ सोन्यासारखी उडत होती. सनी गोणी घेऊन बरोब्बर त्या पट्टीतनं गेला आणि विश्वजितचं फोकस चुकलं. असं ऊन परत मिळत नाही. त्यानं सनीला हाक मारली, तीच गोणी घेऊन परत एकदा ये म्हणाला. सनी हसला, पन्नास किलो आहे, फुलांची परडी नाही म्हणाला, पण आला. तेव्हा विश्वजितला टॉवेलाच्या कडेनं पितळ चमकलेलं दिसलं.

त्यानं पुढे होऊन टॉवेल सरकवला.

"राहू दे की तो," सनी म्हणाला.

"चेहरा नाही घेत रे. पाठच आहे."

सनीनं मान डोलावली. मित्रच तो. फोटो असा आला की विश्वजित कामावर दिवसभर मोबाईलवर तोच उघडून बघत होता. वाकलेली पाठ, धूळ, आणि मधोमध पेटल्यासारखा बिल्ला.

खारघरच्या कॉलेजातल्या उत्कर्षा मॅडम फोटोंचं वर्कशॉप घ्यायच्या. त्यांनी तो फोटो मागून घेतला. मग वाशीतल्या एका हॉलमध्ये कष्टकऱ्यांवर प्रदर्शन भरवलं, त्यात हा फोटो चार फुटी छापून दारासमोर लावला. खाली ओळ हवी म्हणाल्या, अगदी खरी आणि साधी. विश्वजितनं लिहून दिली. वय बावीस. कांदा-बटाटा मार्केट, वाशी.

उद्घाटनाला पाहुणे म्हणून कोण आणावं? तर कामगारांना बिल्ले देणाऱ्या ऑफिसातलेच एक मोठे साहेब. साहेब सज्जन होते. प्रत्येक फोटोपुढं थांबत होते, मान हलवत होते. विश्वजितच्या फोटोपुढं जास्तच थांबले. एवढ्याशा कॅमेऱ्यातनं हे निघतं, यावर त्यांचा विश्वास बसेना. विश्वजितनं खिशातनं कॅमेरा काढून दाखवला. छाती फुगलेली.

"नंबरसुद्धा वाचता येतो, सर. जवळ येऊन बघा."

साहेब जवळ गेले. नंबर वाचला. खालची ओळ वाचली. मोबाईल काढून दोन्हींचा एक फोटो घेतला आणि छान, छान म्हणत पुढच्या चौकटीकडे गेले.

पाचव्या दिवशी ज्ञानूतात्यांच्या नावानं नोटीस आली. बिल्ला क्रमांक चारशे सतरा, धारकाचं वय त्रेपन्न. फोटोत बावीस वर्षांचा इसम. गुरुवारी हजर राहून खुलासा करावा.

त्या संध्याकाळी शिवा मुकादम कोपरखैरण्याला सितारामच्या खोलीत आला. चप्पल बाहेर काढली, पाणी प्यायला, आणि आवाज न चढवता बोलला. फोटोत पाठ आहे, तोंड नाही. पाठीवर वय लिहिलेलं नसतं. विश्वजितनं एवढंच लिहून द्यायचं की खालची ओळ चुकली, माणूस ज्ञानूच आहे. दुसऱ्या पोराचं वय नजरचुकीनं पडलं. बस्स. साहेब वाईट नाही, कागद मिळाला की तोही सुटतो, आपणही सुटतो.

कोपऱ्यात विश्वजितची आई, विजयमाला, भाजी निवडत होती. सिताराम खाली बघत होता. देतो म्हणाला विश्वजित. आणि त्या वेळी त्याच्या मनातही लिहून द्यायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी उत्कर्षा मॅडमचा फोन आला. एका मोठ्या फेलोशिपच्या शेवटच्या पाचांत त्याचं नाव होतं. सहा महिने देशभर फिरायचं, बाजार शूट करायचे, राहणं-खाणं त्यांचं. हाच फोटो त्यांना भिडला होता. विश्वजितनं भीतभीत ओळ बदलायचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, ओळ बदलली तर फोटो बाद, फोटो बाद तर तूही बाद. त्यांना खरं लागतं, मांडून काढलेलं चालत नाही.

महाप्याची ती खुर्ची, तो हेडफोन, ते पासवर्ड. दोन दिवस विश्वजित तेच डोळ्यांपुढं आणत राहिला. आणि बघता बघता त्याच्या तोंडात एक वाक्य तयार झालं. मी खोटं लिहून देणार नाही. बुधवारी त्यानं ते घरात म्हणूनही टाकलं. नवीन शर्ट घातल्यासारखं वाटलं, जरा टोचणारा, पण रुबाबदार.

सनी जिन्यात भेटला. भांडायला आलाच नव्हता तो. कागद झाला का, एवढंच विचारायला आलेला.

"मी खोटं नाही लिहू शकत, सनी. समज ना जरा."

सनीनं जिन्याचा कठडा धरला.

"भावा, मी टॉवेल टाकूनच चाललो होतो. परत कोण बोलवलं? टॉवेल कोण सरकवला? तेव्हा कुठं गेलतं तुझं खरं?"

विश्वजितनं वर जाऊन बॅग भरली. ग्रुपची ट्रिप ठरलेलीच होती, श्रीवर्धनला, दोन दिवस. गुरुवारी सकाळी तात्या ऑफिसच्या बाकावर बसले होते, तेव्हा हा समुद्रावर जाळी वाळवणाऱ्या बायकांचे हात शूट करत होता. फोन बॅगेत, आवाज बंद. शिवाचे सहा कॉल, आईचे चार. त्यानं त्या दिवशी दोनशेच्या वर फोटो काढले. उजेड फार सुंदर होता. एकही फोटो धड आला नाही.

परत आला तेव्हा सगळं उरकलं होतं. तात्यांनी अर्धा तास थाप मारून बघितली, पाठ माझीच म्हणाले. साहेबांनी सरळ पाठीवर गोणी घेऊन दाखवा म्हटलं. मग तात्यांनी बिल्ला टेबलावर ठेवला. मुकादमाला सोडा म्हणाले, त्याला काही माहीत नव्हतं. बिल्ला जमा झाला. सनीच्या नावाचा अर्जही त्याबरोबर मेला.

सिताराम आता जेवायला लेकाच्या आधीच बसून घ्यायचा. टोळीत सितारामशी कोणी वाईट वागलं नाही, फक्त चहाला बोलवायचं बंद केलं. एकदा विजयमालाच म्हणाली, "तुझ्या बापानं बत्तीस वर्षं वझं वाह्यलं, पण असं कधी वाह्यलं न्हाय."

फेलोशिप मिळाली. पत्र मोठ्यानं वाचायला घरात माणूस नव्हतं, म्हणजे होती माणसं, पण ऐकणारं कोणी नव्हतं. विश्वजितनं ते स्वतःच तीनदा वाचलं आणि कंपनीत राजीनामा टाकला.

निघायच्या आदल्या रविवारी दुपारी दारात तात्या उभे. चौकट धरून. मागे त्यांची बायको, प्रेमलाकाकी. तिनंच बोलायला सुरुवात केली. खारघरला एका सोसायटीत तात्यांसाठी वॉचमनची जागा आहे, सनीच्या ओळखीनं. एजन्सीला दोन फोटो पाहिजेत, पासपोर्टचे.

विश्वजितला आधी वाटलं, टोमणा असेल. मग तिच्या हातातला फॉर्म दिसला. तो गडबडून म्हणाला की स्टेशनसमोर स्टुडिओ आहे, तिथं पाच मिनिटांत, लाईटही चांगली.

"त्यो हाय म्हाईत," काकी म्हणाली. "ह्येच म्हनले, विशूकडंच काढू. त्याचा फोटू हापिसात लगीच खरा धरत्यात."

तात्या तिला गप म्हणाले. हळू, जवळजवळ लाजून. म्हणजे ते वाक्य त्यांचं नव्हतंच, तिचं होतं.

विजयमालानं न बोलता पांढरी चादर काढून भिंतीला लावली. तात्या स्टुलावर बसले. विश्वजितनं कॅमेरा डोळ्याला लावला. तीन वर्षं त्यानं या टोळीच्या पाठी काढल्या होत्या, आणि आता समोर तोंड आलं तर बोट दाबेना. माफी मागायची होती. तो म्हणाला, तात्या, हनुवटी जरा वर.

तात्यांनी हनुवटी वर केली आणि कळ आली. फोटोत डोळे बारीक, ओठ दाबलेले. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही. बारा तास उभं राहायची नोकरी, असला चेहरा बघून एजन्सी कशाला ठेवेल? ते विश्वजितला कळत होतं. काकीलाही कळत होतं, ती स्क्रीनकडे बघत होती.

"तात्या," तो म्हणाला, "जरा... काही दुखत नाही असं बसता येईल?"

"सांग की कसं बसू," तात्या म्हणाले. "तू सांगशील तसं बसतो."

त्यानं सांगितलं. डावा हात मांडीवर दाबा, भार तिकडं टाका, श्वास धरा, मी तीन म्हणेपर्यंत सोडू नका. तात्यांनी ऐकलं, शाळेतल्या पोरासारखं. घाम कपाळावर आला तो काकीनं पदरानं टिपला.

नवव्या फोटोत दुखणं दिसत नव्हतं. तोच त्यानं छापायला पाठवला.