तिसरं पोतं

वीरेंद्र अण्णानं तंबाखूची मूठ नाकाशी धरून एकदा निकाल दिला, की निपाणीच्या बाजारात पुढं कुणी तोंड उघडत नसे. माल कुठल्या रानातला, कापणी आधीची की उशिराची, ओल कितपत, सगळं तो डोळे मिटून सांगायचा. पण कोरोनाचा ताप आला आणि जाताना त्याचा वास घेऊन गेला. त्याला चार वर्षं झाली. घरात फोडणी करपली तरी याला पत्ता नसायचा. हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. डोळे, बोटं आणि जुनी पुण्याई यांवर गाडा चालला होता.

अशात वखारीचे मालक जिनदत्त आप्पा म्हणाले, हाताखाली एक पारखी घे, मुलाखत तूच घे आणि निवडही तूच कर. अण्णानं जुन्या रीतीप्रमाणे तीन पोती उघडून मांडली. पहिलं हलकं, दुसरं मध्यम, तिसरं एक नंबर, असं कागदावर लिहूनही ठेवलं. तिसरं पोतं त्यानंच गेल्या आठवड्यात पास केलेल्या थप्पीतलं होतं.

बेळगावच्या खासबागेतला सौरव शेतकीची पदवी घेऊन आला होता. त्यानं पोत्यांकडं कमी आणि अण्णाच्या तोंडाकडं जास्त बघितलं, आणि तिन्ही उत्तरं बरोबर दिली. असा उमेदवार अण्णाला फार आवडला.

मग नीलम आली. तिची आई बाळाबाई तीस वर्षं याच वखारीत तंबाखू चाळत होती. पोरगी त्याच धुरळ्यात वाढलेली, पदवी-बिदवी काही नाही. तिनं मूठ उचलली, डोळे मिटले आणि मान जराशी तिरकी केली. अगदी अण्णा करायचा तशी. आपल्या घरातून चोरीला गेलेला दागिना दुसरीच्या गळ्यात दिसावा, तसं अण्णाला झालं. दोन पोती तिनं रानासकट ओळखली. तिसऱ्यापाशी मात्र थबकली.

"अण्णा, ह्याला ओल लागलीया. आतनं बुरशी धरतीया."

अण्णानं खाली वाकून मोठा श्वास घेतला. काहीच आलं नाही. ही खरं बोलतेय हे त्याला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं, आणि त्यामुळंच तो जास्त जळला. तिला ठेवली तर महिनाभरात आपलं बिंग फुटणार, आणि बाजार उद्यापासून तिला विचारायला लागणार. यातलं दुसरं त्याला जास्त झोंबलं. अनुभव कमी पडतो, असं सांगून त्यानं तिला वाटेला लावलं आणि कागदावर सौरवचं नाव लिहिलं.

पण दारात आप्पा बसले होते. नीलमनं त्यांना सांगितलं, नोकरी नसली तरी चालेल, तेवढं तिसरं पोतं ओतून बघा. आप्पांनी हमाल बोलावला. पोतं जमिनीवर पालथं झालं. मधोमध पांढरी बुरशी होती, ती बघायला नाक लागत नव्हतं.

आप्पांनी अण्णाकडं बघितलं. पंचवीस वर्षांची इज्जत त्या ढिगाऱ्यावर येऊन पडली होती. नीलमनं एकदा बुरशीकडं बघितलं, एकदा अण्णाकडं, मघाशी त्यानं वाकून घेतलेला मोठा श्वास तिला आठवला, आणि सगळं उमगलं.

"अण्णांनीच मुद्दाम ठेवलंतं ते, आप्पा," ती म्हणाली. "आमास्नी पारख हाय का न्हाय, ते बघायला."

"व्हय रं वीरेंद्र?"

"व्हय," अण्णा म्हणाला.

आप्पा खूश झाले. लई बेरकी हाईस, म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मग हिलाच घे म्हणून सांगितलं. अण्णानं सौरवचं नाव खोडलं.

आप्पा गेल्यावर नीलम जवळ आली आणि हळूच म्हणाली, "थप्पीतली बाकीची पोती सांजच्याला बघू, अण्णा. मी सांगत जाईन, तुमी बोलत जावा."

अण्णानं तिचं नाव लिहून खाली सही केली. इतका राग त्याला उभ्या जन्मात कुणाचा आला नव्हता, आणि पोरीचं चुकलं म्हणावं असं काहीच नव्हतं.