फळ्यावरचा कान

मित्रांनो, सातवीच्या वर्गात फळ्याच्या वर टांगलेला मी एक जुना स्पीकर आहे. माझी लाकडी पेटी एका सुताराने घडवली. माझ्या तारा जोडणाऱ्या ताई म्हणाल्या होत्या, "वा, आवाज अगदी खणखणीत!" मी हरखून गेलो होतो.

शाळेत माझं काम सूचना सांगण्याचं. पण तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी माझ्यात ऐकण्याचीही सोय करून घेतली. वरच्या मजल्यावर बसून ते बटण दाबत आणि वर्गातला शब्द न् शब्द ऐकत. भिंतीला कान असतात म्हणतात. इथे तो कान मी होतो.

विज्ञानाच्या बाईंवर मुलांचा भारी जीव. एकदा त्यांनी ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवली आणि वर पेला उपडा घातला. मेणबत्ती विझली, पाणी सर्रकन पेल्यात चढलं आणि सगळा वर्ग आनंदाने ओरडला. त्याच क्षणी माझ्यातून मुख्याध्यापक कडाडले, "बाई, हा वर्ग आहे की बाजार? शिकवता येत नसेल तर घरी बसा!"

मुलं पटापट जागेवर बसली. बाईंनी मान खाली घालून टेबल पुसलं.

त्या दिवसापासून त्या नुसत्या पाट्या टाकू लागल्या. धडा वाचायचा, उत्तरं लिहून द्यायची, संपलं. माझ्यात जराशी खरखर झाली तरी त्यांचा खडू जागच्या जागी थांबे. एकदा त्या गणिताच्या सरांना हळूच म्हणाल्या, "वर्ष संपलं की नोकरी सोडतेय. शिकवणं तर केव्हाच सुटलंय."

वर्ष संपण्याआधीच मुख्याध्यापक निवृत्त झाले. नव्या मुख्याध्यापिका एके दिवशी स्वतः जिना उतरून वर्गाच्या दारात आल्या. "मागच्या बाकावर बसू का?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या घाईघाईने धडा वाचू लागल्या. तेवढ्यात एक मुलगी उठली.

"बाई, त्या दिवशी पाणी वर का चढलं, ते सांगायचं राहिलंच."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"दाखवा ना," मुख्याध्यापिका मागून म्हणाल्या. "मलाही बघायचंय."

"मॅडम, गलका होईल."

"होऊ दे की!"

बाईंनी पुन्हा ताटली मांडली आणि काडी ओढली. पाणी चढलं, वर्ग दणाणला, आणि कारण समजावता समजावता बाईंना सुट्टीची घंटाही ऐकू आली नाही.

दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापिकांनी वायरमनकडून माझी ऐकण्याची तार कापून घेतली. बाई अजून याच शाळेत आहेत. गणिताचे सर मात्र आजही बोलण्याआधी चोरून माझ्याकडे बघतात. मी आता बहिरा झालोय, हे त्यांना कसं सांगू?

मित्रांनो, मी गंजलो तर खुशाल भंगारात द्या. पण उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हाती असं बटण आलं, तर माणसांना दुरून दटावू नका. त्यांच्याजवळ जाऊन बसा.